संगणकावरून सात-सेगमेंट डिस्प्ले चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडच्या शॉपफ्लोअरवर नग मोजणारा बोर्ड, लासलगाव-पिंपळगावकडच्या काट्यावर शेतकऱ्याला लांबून दिसणारं वजन, कॉलेज रोडच्या दवाखान्यातला टोकन नंबर, आणि परीक्षा जवळ आली की पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. सगळीकडे आकडा दाखवतो तो सात-सेगमेंट डिस्प्ले, म्हणजे सात रेघा हव्या तशा पेटवून आकडा काढणारा एलईडीचा संच. कामं वेगळी, पण नाशिकमध्ये विचारले जाणारे प्रश्न फिरून तेच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आपला प्रश्न शोधा, तेवढंच वाचा.

डिस्प्ले थेट कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडता येईल का?

नाही. यूएसबीच्या चार तारांत पाच व्होल्ट आणि ग्राउंड सोडले तर उरलेल्या दोन तारांवर जे बोलणं चालतं, ते डिस्प्लेला कळत नाही. मध्ये दुभाषा लागतोच. सगळ्यात सोपा दुभाषा म्हणजे अर्डुइनो नॅनो किंवा युनो, आपण लिहिलेला प्रोग्राम चालवणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. कॉम्प्युटरला तो सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, आपण त्याला आकडा पाठवायचा, पुढचं तो बघतो. दुसरा रस्ता एफटी२३२एच किंवा एमसीपी२२२१ यांसारख्या चिपच्या बोर्डचा. त्यांच्यातून कॉम्प्युटर थेट आयटूसी (चिपशी दोन तारांवर बोलण्याची पद्धत) बोलू शकतो, एफटी२३२एचमधून एसपीआय (तशीच, जास्त तारांची पद्धत) सुद्धा, आणि मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम लिहावा लागत नाही. ऐकायला छान वाटतं, पण मी तरी अर्डुइनोच सुचवतो. कॉम्प्युटर बंद पडला तर डिस्प्लेवर काय दिसावं हे ठरवणारं कुणीतरी जागं हवं, आणि नुसत्या कन्व्हर्टरला ते जमत नाही.

जुन्या पुस्तकात प्रिंटर पोर्टची सर्किटं आहेत. ती चालतील का?

पीसीला खरा समांतर पोर्ट असेल तर चालतील. त्याचा नेहमीचा पत्ता हेक्साडेसिमल ३७८, पिन २ ते ९ वर आठ बिट, पिन १८ ते २५ ग्राउंड. आठ बिट म्हणजे सात सेगमेंट आणि एक टिंब, हिशोब बरोबर बसतो. मात्र यूएसबी ते प्रिंटर केबल घेऊन हा खेळ जमत नाही. ती केबल प्रिंटरशीच बोलते, तिच्या पिना आपल्या मर्जीने वर-खाली करता येत नाहीत.

कोणतं मॉड्यूल घेऊ? दुकानात चार-पाच प्रकार दाखवतात.

चार आकडे पुरणार असतील तर टीएम१६३७. डेटाच्या दोनच तारा, ब्राइटनेसच्या आठ पायऱ्या, आणि किंमत खिशाला न जाणवणारी. विकत घेताना मात्र मॉड्यूल हातात घेऊन बघा. मधे दोन टिंबं असलेलं मॉड्यूल घड्याळासाठी असतं. त्यावर प्रत्येक आकड्यापुढचं दशांश टिंब बहुतेक वेळा जोडलेलंच नसतं. १२.५ किलो दाखवायचं असेल तर दशांशवालं मागा, नाहीतर घरी आल्यावर डोक्याला ताप.

आठ आकडे हवे असतील, किंवा एकामागे एक मॉड्यूल जोडत न्यायची असतील, तर मॅक्स७२१९. ही चिप कॉमन कॅथोडचे (सगळ्या सेगमेंटची वजा बाजू एकत्र जोडलेले) आठ आकडे सांभाळते, ब्राइटनेसच्या सोळा पायऱ्या देते आणि रिफ्रेशचं, म्हणजे आकडे आळीपाळीने पुन्हा पुन्हा पेटवण्याचं, काम स्वतः करते. आठही आकडे चालू असताना साधारण ८०० हर्ट्झने. आकडा एकदा लिहिला की पुढचा आकडा येईपर्यंत तोच दाखवत राहते.

बटणंही हवी असतील तर टीएम१६३८ चा बोर्ड येतो. त्यावर आठ आकडे, आठ बटणं आणि आठ एलईडी असतात. टोकन नंबरसाठी झकास: कंपाउंडर बटण दाबतो, नंबर पुढे सरकतो.

सुटे आकडे, रेझिस्टर आणि ७४एचसी५९५ (शिफ्ट रजिस्टर, म्हणजे एका तारेवर आलेले बिट आठ पिनांवर मांडणारी चिप) घेऊन स्वतः मल्टिप्लेक्सिंग, म्हणजे एकेक आकडा आळीपाळीने झपाट्याने पेटवणं, करायचं का? शिकण्यासाठी जरूर करा, रोजच्या कामासाठी नको. आणि मल्टिप्लेक्सिंग कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर तर मुळीच टाकू नका. विंडोज असो की लिनक्स, दर दोन मिलिसेकंदांनी नेमका आकडा बदलण्याची हमी कुणी देत नाही. ब्राउझर उघडला की आकडे थरथरतात.

सुटा आकडा कॉमन अॅनोड आहे की कॅथोड, कसं ओळखायचं?

मल्टिमीटर डायोडवर लावा. नेहमीच्या ०.५६ इंची, दहा पिनांच्या आकड्याच्या वरच्या-खालच्या ओळींतल्या मधल्या पिना, म्हणजे ३ आणि ८, कॉमन असतात. लाल प्रोब कॉमनवर ठेवून काळा बाकीच्या पिनांना लावल्यावर सेगमेंट मंद पेटले तर कॉमन अॅनोड (सगळ्यांची अधिक बाजू एकत्र). उलट लावल्यावर पेटले तर कॅथोड. ५६११ मालिकेत मागे एएस लिहिलेलं असेल तर कॅथोड, बीएस असेल तर अॅनोड. तरी छापील अक्षरापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा.

रेझिस्टरचा हिशोब: लाल सेगमेंटवर साधारण २ व्होल्ट पडतात, ५ व्होल्टातले ३ उरतात, १० मिलिअँपिअरला ३०० ओहम येतात. बाजारात ३३० मिळतो, तोच प्रत्येक सेगमेंटला वेगळा लावा. कॉमनला एकच रेझिस्टर लावला तर १ झगमगतो आणि ८ मिणमिणतो.

२ पाठवला तर ५ दिसतो आणि ५ पाठवला तर २. ८ मात्र बरोबर. चिप खराब आहे का?

चिप ठणठणीत आहे, कोणत्या आकड्याला कोणते सेगमेंट पेटवायचे याचा तक्ता चुकीच्या चिपचा आहे. इंटरनेटवरून कोड उचलणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सेगमेंटना ए ते जी अशी नावं आहेत. ए म्हणजे डोक्यावरची आडवी रेघ, तिथून घड्याळाच्या दिशेने फिरत एफपर्यंत यायचं, जी म्हणजे मधली रेघ. टीएम१६३७ च्या मॉड्यूलमध्ये ए हा सगळ्यात खालचा बिट, म्हणजे किंमत १, आणि जी ची किंमत ६४. मॅक्स७२१९ ला स्वतः सेगमेंट सांगायचे झाले तर नेमकं उलट: ए ची किंमत ६४ आणि जी ची १. टिंब दोन्हीकडे १२८ वर.

त्यामुळे ० ते ९ चे कोड टीएम१६३७ साठी ६३, ६, ९१, ७९, १०२, १०९, १२५, ७, १२७, १११ असे होतात. मॅक्स७२१९ साठी तेच १२६, ४८, १०९, १२१, ५१, ९१, ९५, ११२, १२७, १२३. आता दोन्ही ओळींत २ आणि ५ बघा. एकीकडे २ म्हणजे ९१, दुसरीकडे ९१ म्हणजे ५. ८ मध्ये सगळेच सेगमेंट पेटतात, म्हणून तो दोन्हीकडे १२७ आणि तक्रारीत कधीच येत नाही. तक्ता उलटा पडल्याची आणखी एक खूण म्हणजे १ हा उजव्या कडेला न दिसता डाव्या कडेला दिसतो.

मॅक्स७२१९ मध्ये या भानगडीतून सुटायचं असेल तर रजिस्टर ९ मध्ये (रजिस्टर म्हणजे चिपच्या आतला क्रमांक दिलेला एकेक कप्पा) २५५ लिहा. मग चिप स्वतः डीकोड करते, ५ दिला की ५ दाखवते. मात्र त्या पद्धतीत आकड्यांखेरीज फक्त वजा चिन्ह, ई, एच, एल, पी आणि कोरी जागा एवढंच मिळतं.

मॅक्स७२१९ ला वीज दिली, पण काहीच पेटत नाही.

पेटणारच नाही. वीज येताच ही चिप शटडाउनमध्ये असते. रजिस्टर १५ मध्ये ० (डिस्प्ले टेस्ट बंद), रजिस्टर ११ मध्ये ७ (आठही आकडे स्कॅनमध्ये), रजिस्टर ९ मध्ये डीकोडची निवड, रजिस्टर १० मध्ये ० ते १५ पैकी ब्राइटनेस, आठही आकडे कोरे, आणि शेवटी रजिस्टर १२ मध्ये १ (शटडाउनमधून बाहेर). या क्रमाने लिहिलं की पहिल्या क्षणी कचरा दिसत नाही.

रजिस्टर ११ वापरून डावीकडचे आकडे बंद करायची युक्ती करू नका. स्कॅनमध्ये तीन किंवा कमी आकडे ठेवले तर त्या आकड्यांवर जास्त वेळ करंट जातो आणि चिपवर ताण येतो. तसं करायचंच असेल तर आधी करंट ठरवणारा रेझिस्टर वाढवावा लागतो. डावीकडची शून्यं नको असतील तर तिथे कोरी जागा लिहा.

कॉम्प्युटरवरून नेमकं काय पाठवायचं?

साधा मजकूर. बायनरी पाठवण्याचा मोह टाळा. सुरुवातीला एक खूण, मग आकडा, मग ओळ संपल्याची खूण. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे आठ-दहा अक्षरांची ओळ डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचते. पायथनमध्ये पायसिरियल ही लायब्ररी वापरली की पाच-सहा ओळींत काम होतं. मजकुराचा मोठा फायदा असा की काही अडलं तर सिरियल मॉनिटर उघडून हातानेच आकडा टाइप करून बघता येतं, आणि दोष कॉम्प्युटरकडे आहे की बोर्डाकडे हे मिनिटभरात कळतं.

आता या पानावरचा माझा खरा आग्रह. आकडा बदलला नसला तरी दर सेकंदाला पुन्हा पाठवा. आणि अर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये लिहा, की तीन सेकंद ओळ आली नाही तर चारही घरांत आडव्या रेघा दाखवायच्या. रेघेचा कोड टीएम१६३७ ला ६४, मॅक्स७२१९ ला डीकोड बंद असताना १. हे केलं नाही तर काय होतं? प्रोग्राम अडकतो, केबल सुटते, विंडोज अपडेटला बसतो, आणि डिस्प्ले मात्र शेवटचा आकडा निवांत दाखवत राहतो. विझलेला बोर्ड बघून कुणीतरी येऊन सांगतं. जुना आकडा दाखवणाऱ्या बोर्डावर लोक विश्वास ठेवून निघून जातात.

एक खास मराठी अडचण. एक्सेल किंवा दुसरं सॉफ्टवेअर देवनागरी आकडे देत असेल तर ते तसेच पाठवू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकेक आकडा तीन बाइटचा असतो, अर्डुइनोला त्यातलं काही कळत नाही. पायथनमध्ये आधी इंट करून घ्या. ते देवनागरी आकडेही बिनतक्रार समजून घेतं, आणि मग त्याचा पुन्हा मजकूर केला की इंग्रजी आकडे मिळतात.

प्रोग्राम सुरू केला की डिस्प्ले क्षणभर विझतो आणि पहिला आकडा हरवतो.

सिरियल पोर्ट उघडला की युनो आणि नॅनो रीसेट होतात, ती त्यांची रचनाच आहे. पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद थांबून मग पाठवा. दर आकड्याला पोर्ट उघड-बंद करत असाल तर ते आधी थांबवा. पोर्ट एकदाच उघडून तसाच धरून ठेवायचा. रीसेट अजिबात नको असेल तर रीसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. नवा प्रोग्राम चढवताना तो काढायला विसरू नका.

पोर्टच दिसत नाही.

आधी केबल बदला. मोबाईलच्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात. विंडोजवर सीएच३४० चा (स्वस्त अर्डुइनोवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर आहे का ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. लिनक्सवर आपलं खातं डायलआउट गटात, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात हवं. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट आल्या आल्या गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम तपासा. तो ब्रेल उपकरणांसाठी आहे आणि त्या आवृत्तीत सीएच३४० ला ब्रेल उपकरण समजून पळवतो. ब्रेल उपकरण वापरत नसाल तर काढून टाका.

रास्पबेरी पायवरून थेट चालवला तर?

चालतो, पण व्होल्टेज सांभाळा. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. टीएम१६३७ च्या मॉड्यूलवर पुल-अप रेझिस्टर (डेटाची तार एरवी वर ओढून धरणारे) पुरवठ्याला जोडलेले असतात. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर तेच पायच्या पिनेवर येतात. म्हणून त्याला ३.३ व्होल्टच द्या, उजेड थोडा कमी पडेल. मॅक्स७२१९ चं उलट: त्याला पुरवठा किमान ४ व्होल्ट हवा आणि ५ व्होल्टवर चालताना तो ३.५ च्या वरच सिग्नल वर गेला असं धरतो. पायचे ३.३ व्होल्ट टेबलावर चालतात आणि कारखान्यात दगा देतात. मध्ये ३.३ चा सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एचसीटी१२५ लावा.

टीएम१६३७ च्या काही स्वस्त मॉड्यूलवर डेटाच्या तारांवर १० नॅनोफॅरडचे कपॅसिटर बसवलेले असतात. १० किलोओहमच्या पुल-अपबरोबर त्यांना वर यायला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. पाय त्याहून कितीतरी वेगाने पिन हलवतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर थोडा थांबा ठेवा, किंवा ते कपॅसिटर काढून टाका.

अंबडच्या कारखान्यात बसवलाय. मध्येच सगळे ८ पेटतात, नाहीतर आकडे विचित्र होतात. ऑफिसात तर नीट चालत होता.

शेजारी वेल्डिंग मशीन, मोठा कॉन्टॅक्टर किंवा मोटरचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे ना? त्याचा नॉइज मॅक्स७२१९ च्या तारांवर येतो आणि चिपला तो आदेश वाटतो. रजिस्टर १५ म्हणजे डिस्प्ले टेस्ट. त्यात चुकून १ गेला की सगळे सेगमेंट टिंबासकट पेटतात. रजिस्टर १२ मध्ये ० गेला की बोर्ड काळा. बंद-चालू केल्यावर ठीक होतो, म्हणून लोक चिप बदलत बसतात. तोच प्रकार नव्या चिपलाही होतो.

उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. चिपच्या पुरवठ्याच्या पिनेला चिकटून १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड. अर्डुइनो आणि मॉड्यूल यांच्यातली तार वीतभर, त्याहून लांब नको. आणि नुसते आकडे न पाठवता वर सांगितलेली सगळी रजिस्टरं दर सेकंदाला पुन्हा लिहायची. बिघाड झालाच तर सेकंदाच्या आत आपोआप सुधारतो, सुपरवायझरला खुर्चीवर चढावं लागत नाही.

कॉम्प्युटर केबिनमध्ये, बोर्ड शेडच्या दुसऱ्या टोकाला. तार किती लांब चालेल?

यूएसबीच्या साध्या केबलला ५ मीटरची मर्यादा. आरएस-२३२, म्हणजे जुना सिरियल पोर्ट, साधारण १५ मीटर. त्यापुढे आरएस-४८५. पिळाच्या दोन तारांवर कमी वेगात १२०० मीटरपर्यंत जाते आणि एका लाइनवर प्रमाणित भाराची ३२ उपकरणं बसतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, मधल्या बोर्डांना नको. ग्राउंडची तिसरी तारही ओढा. तयार औद्योगिक डिस्प्ले घेतला तर तो बहुधा मॉडबस आरटीयू ही औद्योगिक उपकरणांची भाषा बोलतो. फंक्शन ६ ने एक रजिस्टर लिहायचं, आकडा हजर. वाचायला गेल्यास उत्तर नाही आलं तर आधी ए आणि बी तारा अदलाबदल करून बघा, उत्पादक त्यांची नावं उलटसुलट देतात.

वजनकाट्याचं वजन बाहेर मोठ्या आकड्यांत दाखवायचं आहे.

काट्याच्या इंडिकेटरला मागे सिरियल पोर्ट असेल तर तिथूनच घ्या. बरेच इंडिकेटर दर सेकंदाला काही वेळा वजनाची ओळ आपोआप फेकत असतात. बॉड रेट, पॅरिटी आणि ओळीचा नमुना प्रत्येक कंपनीचा वेगळा, तो पुस्तिकेत बघा. पोर्ट आरएस-२३२ चा असतो, थेट अर्डुइनोच्या पिनेला लावला तर पिन जळेल. मॅक्स२३२ चा कन्व्हर्टर मध्ये हवाच.

इंडिकेटरचं सील तोडून आतल्या तारांना हात घालू नका. पडताळणीची मोहोर वैधमापन खात्याची असते. आणि बाहेरच्या बोर्डावर आपलं डोकं चालवू नका: पूर्णांक करणं नको, सरासरी नको. इंडिकेटरवर जे आहे तेच, त्याच टिंबासकट. ट्रॉलीभर कांदा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दोन जागी दोन आकडे दिसले तर तिथे भांडण ठरलेलं. वरच्या तीन सेकंदांच्या नियमाची इथे सर्वांत जास्त गरज आहे. आधीच्या ट्रॉलीचं वजन पुढच्याच्या डोक्यावर झळकत राहता कामा नये.

चार इंची आकडे मॅक्स७२१९ ला जोडले, अगदी अंधुक पेटतात किंवा पेटतच नाहीत.

मोठ्या आकड्याच्या एका सेगमेंटमध्ये कित्येक एलईडी एकामागे एक असतात. त्यांना ८-१० व्होल्ट लागतात, आणि ५ व्होल्टची चिप ते कुठून आणणार? १२ व्होल्टचा पुरवठा घ्या, आकडे कॉमन अॅनोडचे घ्या, आणि प्रत्येक आकड्याला एक टीपीआयसी६बी५९५ द्या. ती शिफ्ट रजिस्टरच आहे, पण प्रत्येक आउटपुट १५० मिलिअँपिअर खेचू शकतो आणि ५० व्होल्ट सोसतो. चार आकडे म्हणजे चार चिप, ३२ बिट एका दमात ढकलायचे. मल्टिप्लेक्सिंग नसल्याने आकडे स्थिर आणि भरपूर उजेडाचे. साध्या ७४एचसी५९५ कडून हे काम करून घेऊ नका. त्या अख्ख्या चिपची मर्यादा ७० मिलिअँपिअर.

किती मोठा आकडा घ्यायचा याचा ढोबळ हिशोब: इंचाला साधारण दहा मीटर.

यूएसबीवरच चालेल की वेगळा सप्लाय हवा?

मॅक्स७२१९ चं एक मॉड्यूल पूर्ण उजेडात साधारण ३३० मिलिअँपिअर खातं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० देतो. एक चालेल, दोन नाही. दुसरं मॉड्यूल आलं की वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय आणि दोघांचे ग्राउंड एकत्र. ग्राउंड जोडायचं राहिलं तर आकडे भूत लागल्यासारखे नाचतात.

एप्रिलच्या उन्हात आकडा दिसत नाही.

ब्राइटनेस वाढवण्याआधी पुढे आकड्याच्याच रंगाची अॅक्रिलिक शीट लावा, लालला लाल. बाहेरचा उजेड अडतो, आकड्याचा नाही. वर पत्र्याची टोपी आणि बोर्डाचं तोंड उत्तरेला. मोबाईलच्या व्हिडिओत आकडे लुकलुकतात ते मल्टिप्लेक्सिंगमुळे, त्यात दोष काही नाही.

सामान नाशिकमध्ये मिळतं का?

टीएम१६३७, मॅक्स७२१९, अर्डुइनो एवढं एम.जी. रोड-वकीलवाडीच्या बाजूला फिरलात तर मिळावं. मोठे आकडे आणि टीपीआयसी६बी५९५ साठी ऑनलाइन मागवा, नाहीतर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. चिप नेहमी एकाच्या दोन घ्या.

देवनागरी आकडे दाखवता येतील का?

सात रेघांत नाही. ० जमतो, २ आणि ३ इंग्रजीसारखेच धकून जातात, पण १ काढायला गेलं की तो ९ दिसतो, आणि ४, ५, ६, ८ ची वळणं बसत नाहीत. दवाखान्यात १ नंबरचा पेशंट ९ समजून बाहेर चहाला जाईल. देवनागरीच हवे असतील तर ८ बाय ८ चं डॉट मॅट्रिक्स घ्या. त्यावरही मॅक्स७२१९ च असते. तारा त्याच, सुरुवातीची रजिस्टरं तीच, फक्त डीकोड बंद ठेवायचं आणि आठ आकड्यांच्या जागी आठ ओळी लिहायच्या. आकड्यांचे आकार चौकटीच्या वहीवर काढून घ्या, पेटलेल्या घरांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या ओळीचा कोड.